उधारीचा पुरावा मोबाइलमध्ये : तो कोर्टापर्यंत कसा न्यावा

आपल्या व्यापारातले बहुतेक बोलणे आता फोनवर होते. मालाचा नमुना फोटोने जातो, भाव आवाजी संदेशाने ठरतो, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात आणि बिलाची पीडीएफ पाठविली जाते. गादीवर कीर्द-खतावणीची चोपडी असली तरी सौदा नेमका काय ठरला होता हे त्या चोपडीत नसते, ते फोनमध्ये असते. पुढे पैसे अडकले आणि प्रकरण कोर्टात गेले म्हणजे वकीलसाहेब पहिला प्रश्न विचारतात, "लेखी काय आहे?" त्यावर आपण फोन पुढे करतो. त्या फोनमधले कोर्टात काय चालते, काय चालत नाही आणि ते चालावे म्हणून आजपासून काय करावे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. विषय रुक्ष आहे, पण ज्याचे तीन-चार लाख अडकले आहेत त्याला तो रुक्ष वाटणार नाही.

"आम्ही लहान माणसे, कंपनीवाल्यांचे कायदे आम्हाला कशाला?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज आता सोडावा लागेल. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ साली वेगळा कायदा झाला. सुरुवातीला तो एक कोटी रुपये व त्यावरील दाव्यांना लागू होता. २०१८ साली ही मर्यादा तीन लाखांवर आणली गेली. म्हणजे धारावीतल्या चामड्याच्या पिशव्या करणाऱ्याची किंवा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याची एक-दोन बिले थकली की तो या कायद्याच्या कक्षेत येतो. मोठ्या कंपन्यांना कागदपत्रांचे जे नियम, तेच त्यालाही.

सगळे कागद उघड करण्याचा नियम

दिवाणी दाव्यात एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे कागदपत्रे मागण्याची पद्धत जुनीच आहे. व्यापारी दाव्यात मात्र मागण्याची वाट पाहायची नसते. वादीने दाव्याबरोबरच, आणि प्रतिवादीने आपल्या कैफियतीबरोबर, दाव्याशी संबंधित असलेले आपल्या ताब्यातले व अधिकारातले सर्व दस्तऐवज यादीसह दाखल करायचे असतात. यातला "सर्व" हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या फायद्याचे तेवढे द्यायचे आणि गैरसोयीचे दाबून ठेवायचे, असे चालत नाही. आपल्या विरुद्ध जाणारा कागदही द्यावा लागतो आणि आता काही शिल्लक नाही असे शपथेवर लिहून द्यावे लागते. ताब्यात असूनही जो कागद वेळेवर दिला नाही, त्याचा आधार पुढे घ्यायचा तर कोर्टाची परवानगी लागते आणि उशिराचे सबळ कारण दाखवावे लागते. तातडीने दावा लावला असेल तर राहिलेल्या कागदांसाठी तीस दिवसांची सवलत मिळू शकते. दावा चालू असताना एखादा कागद नव्याने हाती लागला तर तोही उघड करण्याची जबाबदारी शेवटपर्यंत राहते.

या कायद्यात दस्तऐवज म्हणजे फक्त कागद नव्हे. ई-मेल, व्हॉट्सअॅपचे संदेश, आवाजी संदेश, फोटो, टॅलीतला हिशेब, गोदामाच्या कॅमेऱ्यातले चित्रण, क्लाउडवर ठेवलेली फाइल, हे सर्व त्यात येते. अशा नोंदींच्या छापील प्रती देताना शपथपत्रात बराच तपशील द्यावा लागतो. संदेश कोणाकोणात झाला, प्रत कशी व कोणी काढली, संदेश केव्हा तयार झाला किंवा मिळाला, छपाई कोणत्या दिवशी व किती वाजता झाली, ई-मेलचे खाते कोणाच्या मालकीचे व ते कोण उघडू शकते, क्लाउडवरच्या फाइलवर ताबा कोणाचा, यंत्र नीट चालत होते की नाही. दुकानाचा ई-मेल भाच्याच्या नावाने उघडलेला, सांकेतिक शब्द जुन्या मेहताजींना ठाऊक आणि मेहताजी आता दुबईत, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांना या एका शपथपत्रासाठी किती खटपट पडेल याची कल्पना करावी.

येथे एक स्पष्ट गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडे पक्के बिल वेगळे आणि कच्चे वेगळे असा दुहेरी व्यवहार आहे, त्यांना हा नियम फार जड जातो. सर्व कागद उघड केल्याची शपथ घेतली तर कच्च्या चिठ्ठ्याही आल्या. न घेतली तर दावा लंगडा. फोनमध्ये तर दोन्ही प्रकारचे बोलणे एकाच ओळीत पडलेले असते आणि ते समोरच्याच्या फोनमध्येही असते. अशा वेळी कित्येक जण खरी रक्कमही सोडून देतात. कच्च्याचा खर्च हा असा शेवटी भरावा लागतो.

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे : जालन्याचा निकाल

फोनमधल्या संदेशाचा फोटो काढून छापला आणि वकिलांकडे दिला की काम झाले, ही समजूत सर्वत्र आहे. कायदा असे मानत नाही. मूळ नोंद फोनमध्ये किंवा संगणकात असते, छापलेला कागद ही तिची नक्कल. नकलेवर विश्वास ठेवायचा तर ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली याचे प्रमाणपत्र हवे. ही तरतूद २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात आणली आणि ती कलम ६५-ब या नावाने वकिलीत प्रसिद्ध झाली.

या प्रमाणपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बरीच वर्षे खालीवर होत होती. २००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने प्रमाणपत्राशिवायही अन्य मार्गाने नोंद सिद्ध करता येईल असे म्हटले. २०१४ साली केरळमधील एका निवडणूक अर्जात ही भूमिका बदलली. त्या प्रकरणात प्रचारातील भाषणे व गाण्यांच्या सीडी प्रमाणपत्राशिवाय दिल्या होत्या. न्यायालयाने त्या बाजूला ठेवल्या. २०१८ साली पुन्हा थोडी ढील मिळाली. शेवटी १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जो निकाल दिला तो आपल्याच मराठवाड्यातला आहे.

२०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळ संपल्यानंतर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे होते, त्यांच्या चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्यांचे प्रमाणपत्र मागितले तेव्हा अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. वारंवार अर्ज केले, न्यायालयामार्फतही प्रयत्न झाले, तरी ते मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली आणि प्रकरण दिल्लीला गेले.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या तीन गोष्टी व्यापाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र सक्तीचे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरी, मूळ यंत्रच, म्हणजे फोन, लॅपटॉप किंवा टॅब्लेट, त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले आणि ते आपलेच असल्याचे सांगितले तर प्रमाणपत्राची गरज नाही. तिसरी, यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि आपण सर्व प्रयत्न करूनही तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. मात्र आपण खरोखर प्रयत्न केले हे दाखवावे लागते. गोरंट्याल यांनी ते दाखविले म्हणून ते तरले. ट्रान्सपोर्ट कंपनीकडून किंवा मार्केटच्या सोसायटीकडून कॅमेऱ्याचे चित्रण मागताना तोंडी विनंती करून गप्प बसू नये, लेखी अर्ज करून पोच घ्यावी, याचे कारण या निकालात आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्या तारखेपूर्वी चालू असलेल्या प्रकरणांना जुनाच कायदा लागू आहे. नव्या कायद्यात प्रमाणपत्र कलम ६३ खाली गेले आणि त्याचा ठरीव नमुना कायद्याच्या परिशिष्टात छापला आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र किंवा व्यवहार ज्याच्या देखरेखीखाली आहे त्याने भरायचा. त्यात यंत्राची बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक लिहायचा. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. कलम ६३ मध्ये हा तज्ज्ञ कोण याची व्याख्या नाही, म्हणून आपल्या कोर्टात कोणाची सही चालते हे वकिलांना आधीच विचारून घ्यावे आणि त्याचा खर्च हिशेबात धरावा. नोंद जितक्या वेळा दाखल करायची तितक्या वेळा प्रमाणपत्र बरोबर द्यायचे, हाही नियम आहे.

दोन्ही भागांत "हॅश" नावाचा एक आकडा मागितला आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही. संगणक एखादी फाइल वाचून तिच्यावरून अक्षरे व अंकांची एक लांब ओळ काढतो. त्याच फाइलवरून ती केव्हाही काढली तरी तीच येते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तर सगळी ओळ बदलते. गोणीच्या तोंडाला लाखेची मोहर करावी तसा हा प्रकार. एमडी-५, एसएचए-१ आणि एसएचए-२५६ अशा याच्या पद्धती नमुन्यात दिल्या आहेत. शेवटची सर्वांत मजबूत, तीच घ्यावी. विंडोजच्या संगणकातच ती सोय आहे, संगणक दुरुस्त करणारा मुलगा दोन मिनिटांत दाखवील.

फोन, सिम आणि मुनीम

आता प्रत्यक्ष काय करावे. सर्वांत आधी धंद्याचा नंबर वेगळा करावा आणि ते सिम मालकाच्या किंवा पेढीच्या नावावर घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ऑर्डरी मुनिमाच्या किंवा सेल्समनच्या खासगी फोनवर येतात. तो चांगला माणूस असतो, पण एके दिवशी दुसऱ्या दुकानात जातो आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार खिशात घालून जातो. त्याच्याकडून नंतर प्रमाणपत्र कोण घेणार? दुसरे असे की, खासगी फोनवर धंद्याचे आणि घरचे बोलणे मिसळते. प्रकटीकरणाच्या वेळी वकिलाला सगळेच चाळावे लागते. बहिणीच्या लग्नाचे बोलणे, आजारपण, भावांमधला वाटणीचा वाद, हे सर्व परक्या डोळ्यांखाली जावे असे कोणाला वाटेल? घरातले चार भाऊ भागीदार असतील तर त्यांनी धंद्याचा गट वेगळा व घरचा गट वेगळा ठेवावा. वकिलांशी होणारे बोलणे तर कोणत्याच गटात टाकू नये. वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. आपणच ते दहा जणांच्या गटात टाकले तर ते संरक्षण मागायला तोंड राहत नाही.

व्हॉट्सअॅपवर ठरावीक काळाने संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय २०२० पासून आहे. धंद्याच्या नंबरावर ती बंद ठेवावी. समोरच्या व्यापाऱ्याने ती चालू केली तर तशी सूचना गप्पांच्या ओळीत दिसते. ती दिसताच महत्त्वाचे संदेश त्याच दिवशी बाहेर काढून ठेवावेत आणि त्याला ई-मेलवर यायला सांगावे. २०२३ पासून पाठविलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलताही येतो. म्हणून भाव ठरल्यावर लगेच उत्तर देताना आकडा आपणही पुन्हा लिहावा.

फोन बदलताना जुना फोन भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई करू नये. जालन्याच्या निकालाप्रमाणे मूळ यंत्र हजर करता येणे ही मोठी सोय आहे. ज्या फोनवर अडकलेल्या पैशाचे संदेश आहेत तो बंद करून, वर खरेदीचे बिल व आयएमईआय क्रमांक चिकटवून कपाटात ठेवावा. आठ-दहा हजारांच्या जुन्या फोनसाठी चार लाखांचा पुरावा घालवू नये. बॅकअप असतो म्हणून निर्धास्त राहणेही बरे नाही. अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सअॅप बॅकअप गुगलच्या खात्यातली जागा वापरतो, जागा भरली की तो थांबतो आणि कोणाला कळतही नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ साली जाहीर केले. जुने खाते महिन्यातून एकदा उघडावे.

प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाशी झालेले बोलणे दर तीन महिन्यांनी "एक्सपोर्ट" करून फोटो व आवाजासह संगणकात उतरवावे, त्याची हॅश काढावी आणि एका साध्या वहीत तारीख, फोनचा क्रमांक, फाइलचे नाव, हॅश आणि काढणाऱ्याची सही लिहावी. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घरी ठेवावी. ही उतरवलेली फाइल साधी मजकुराची असते, कोणीही तिच्यात खाडाखोड करू शकतो. त्यामुळे ती मूळ फोनची जागा घेत नाही, पण वहीतल्या नोंदीमुळे तिला वजन येते. संदेश जसे आहेत तसेच ठेवावेत. आपल्याकडे बोली हिंदी-उर्दू, लिखावट रोमन आणि हिशेब मराठीत असा मामला असतो; कोर्टासाठी भाषांतर पुढे होईल, तोवर कोणी "शुद्ध" करून पुन्हा टाइप करू नये.

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर जुने चित्रण नव्याने पुसले जाते, बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांतच. माल भरताना भांडण झाले, नग कमी निघाले, तर त्याच दिवशी तेवढा भाग उतरवून घ्यावा. थर्मल कागदावरची पावती उन्हात व प्लास्टिकच्या पिशवीत कोरी होते. तिची झेरॉक्स काढावी.

चोपडी एकटी पुरत नाही

नियमितपणे ठेवलेली हिशेबाची वही, मग ती कागदी असो की संगणकातली, पुराव्यात येते. पण नव्या अधिनियमाचे कलम २८, आणि त्याआधी जुन्या कायद्याचे कलम ३४, असे सांगते की केवळ तेवढ्यावर कोणावर देणे लादता येत नाही. आपल्या खतावणीत समोरच्याच्या नावे चार लाख साठ हजार लिहिलेत, एवढ्याने ते वसूल होत नाहीत. बरोबर डिलिव्हरी चलानावर माल उतरवून घेणाऱ्याची सही, बिल्टी, ई-वे बिल, बँकेचा उतारा, यांपैकी काही हवे.

ऑर्डर तोंडी होते त्या कारागिराने काय करावे? फोन ठेवल्याबरोबर एक संदेश पाठवावा : "भाईसाहेब, आत्ता बोलणे झाले त्याप्रमाणे २०० नग, दर ३४० रुपये, माल १५ तारखेला, पैसे ३० दिवसांत. बरोबर असल्यास कळवावे." उत्तर आले तर उत्तम. न आले आणि त्यानंतर त्यांनी माल उतरवून घेतला, तरी तो संदेश कामाचा आहे. सही-शिक्क्याचा करारनामा नाही म्हणून सौदा नाही, असे कायदा म्हणत नाही. बॉक्साइटच्या पुरवठ्यावरून ट्रायमेक्स आणि वेदांत यांच्यात वाद झाला तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलवरची मागणी आणि होकार मिळून करार पूर्ण होतो असे ठरविले. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपवर पीडीएफने पाठविलेली नोटीस, संदेश पोहोचल्याच्या व उघडल्याच्या खुणा पाहून, बजावली गेली असे मानले. कॅनडात तर २०२३ साली एका न्यायालयाने जवसाच्या कराराच्या फोटोला उत्तर म्हणून शेतकऱ्याने पाठविलेला अंगठ्याचा चित्रसंकेत हीच सही धरली आणि ऐंशी हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. तो आपल्या देशाचा कायदा नाही, परंतु समोरून काही आले की न वाचता अंगठा पाठविण्याची सवय आपल्याकडे फार झाली आहे, म्हणून सांगितले.

किती वर्षे ठेवावे, आणि केव्हा पुसूच नये

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून मोजायची. एवढ्यावरून तीन वर्षे ठेवले की पुरे असे समजू नये. जीएसटीचे हिशेब व कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२४-२५ या वर्षाचे म्हणजे २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. नोंदणीकृत कंपनीला आठ वर्षे. शिवाय कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली याची आपोआप नोंद राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आम्ही म्हणू, कंपनी नसली तरी आठ वर्षांचाच हिशेब धरावा; डिस्क स्वस्त आहे.

याच्या उलट बाजूही आहे. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, आधारच्या प्रती कारणाशिवाय साठवून ठेवणे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला धरून नाही. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने येतात. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला मात्र त्यात सूट आहे. तेव्हा व्यवहाराचे कागद ठेवावेत. दुकानात कोणीतरी देऊन गेलेल्या आधारकार्डांच्या झेरॉक्स जमवू नयेत.

एकदा भांडण दिसू लागले, चेक परतला, नोटीस आली किंवा आपण नोटीस देण्याचे ठरविले, की त्या क्षणापासून काहीही पुसायचे नाही. दुकानातल्या सर्वांना तसे लिहून कळवावे; तोंडी सांगितलेले विसरले जाते. अमेरिकेत हा धडा फार महाग पडला. लॉरा झुबुलेक या बाईंनी यूबीएस वॉरबर्ग या कंपनीवर नोकरीतील भेदभावाचा दावा केला. सूचना देऊनही कंपनीच्या माणसांनी ई-मेल पुसले, आणि नाहीसे झालेले ई-मेल कंपनीच्या विरुद्धच होते असे ज्युरीला धरता येईल, असे न्यायाधीशांनी सांगितले. २००५ साली ज्युरीने दोन कोटी नव्वद लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. २०२३ साली एपिक या कंपनीच्या दाव्यात गुगलची तशीच पंचाईत झाली, कारण नोकरांचे आपसातले चॅट चोवीस तासांत पुसले जाण्याची व्यवस्था तशीच चालू ठेवली होती. अमेरिकेला माल पाठविणाऱ्या आपल्या निर्यातदारांना तेथील दाव्यात हे नियम थेट लागतात.

आपल्याकडेही पुरावा दडविणाऱ्याबद्दल कोर्ट प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. पुढे जाऊन, कोर्टात हजर करण्यास आपण बांधील असलेला कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आवाज ओळखणारी व लिहून देणारी यंत्रे

आवाजी संदेशाचे लिखाण करून देणारी सोय आता फोनमध्येच आली आहे, आणि लांब बोलण्याचा सारांश काढणारी कृत्रिम बुद्धीची साधने तरुण मुले सर्रास वापरतात. कामाला ती चांगली आहेत. पण यंत्राने लिहिलेला मजकूर म्हणजे मूळ बोलणे नव्हे. आपली बोली त्याला नीट कळत नाही. "साडेतीनशे" आणि "तीनशे" यांत ते चुकले तर शंभर नगांवर पाच हजारांचा फरक पडतो. मूळ आवाज ठेवावा, लिखाण केवळ शोधण्यासाठी वापरावे. दुसरे, अशा साधनांत आपण धंद्याची माहिती टाकतो तेव्हा ती दुसऱ्याच्या संगणकात जाते आणि केव्हा पुसली जाईल हे आपल्या हाती राहत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या दाव्यात २०२५ च्या मे महिन्यात तेथील न्यायालयाने चॅटजीपीटी चालविणाऱ्या कंपनीला, वापरणाऱ्यांनी पुसलेली संभाषणेही जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. ते बंधन सप्टेंबरमध्ये उठले. तेवढे महिने, आपण पुसले असे समजणाऱ्यांचे काहीच पुसले गेले नव्हते. भावाची यादी, भागीदारीचा वाद किंवा वकिलाची नोटीस अशा साधनात टाकण्यापूर्वी विचार करावा.

वकिलांकडे जाताना

तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे आहे, आणि मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. माल बनवणाऱ्या लहान कारखानदाराने उद्यम नोंदणी वेळीच केली असेल तर त्याला सूक्ष्म व लघुउद्योगाच्या २००६ च्या कायद्याखाली वेगळा रस्ता आहे. तेथे ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या पैशावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही हा फायदा मिळत नाही. रस्ता कोणताही असला तरी कागद तेच लागतात.

पहिल्या भेटीला मूळ फोन, तो आपला असल्याचे खरेदीचे बिल, सिम कोणाच्या नावावर आहे त्याचा पुरावा, हॅश लिहिलेली वही, चलाने, बिल्ट्या, बँकेचा उतारा आणि तारखांप्रमाणे लिहिलेले दोन पानांचे टिपण घेऊन जावे. टिपणात आपल्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात. माल उशिरा गेला असेल, काही नग परत आले असतील, तर ते वकिलांना आपल्याकडून कळलेले बरे, समोरच्याच्या फोनमधून नव्हे. फोनचा चार्जर बरोबर न्यायला विसरू नये, कपाटात पडलेल्या फोनची बॅटरी तोपर्यंत उतरलेली असते.